रविवारचा रस्ता पायी चालणाऱ्यांचा

रविवार म्हणजे कष्टकऱ्याच्या घरचा बाजाराचा दिवस. आठवड्याचे सहा दिवस खाणीत, कारखान्यात, बांधकामावर, नाहीतर चार घरची धुणीभांडी करण्यात जातात. मग पोराच्या वहीपासून आजीच्या चपलेपर्यंत सगळी खरेदी त्या एका दिवसात उरकावी लागते. घुग्घुस, बल्लारपूर, भद्रावती, मूलकडची मंडळी बसने किंवा ऑटोने चंद्रपुरात येतात आणि जटपुरा गेटातून पायी आत शिरतात.

आम्हीही एका रविवारी असेच गेलो होतो. सोबत गुडघे दुखणारी आई आणि सहा वर्षांची मुलगी. गेटापासून गोल बाजारापर्यंतचे अंतर ते काय! पण तेवढ्या वाटेत मुलीचा हात एकदाही सोडता आला नाही. एका बाजूला दुकानांसमोर लावलेल्या मोटारसायकलींची रांग, दुसऱ्या बाजूला मोटारी, आणि मधल्या वीतभर जागेतून आम्ही. मागून आलेल्या एका मोटारसायकलचा हँडल आईच्या पिशवीत अडकला. पिशवी फाटली, तांदूळ रस्त्यावर सांडले. वर तो तरुण म्हणतो, ‘आजी, बघून चालत जा.’ आई चिडली नाही. तिने एवढेच विचारले, ‘चालू कुठून, ते तर सांग बाबा!’

त्या पोराजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. हा लेख आईच्या त्याच प्रश्नावर आहे.

चंद्रपूर हे गोंड राजांनी वसवलेले, परकोटाने वेढलेले शहर. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशी त्याला चार दारे. ही दारे बांधली तेव्हा त्यांतून बैलगाड्या, घोडे आणि पायी चालणारी माणसे जात. आज त्याच दारातून मोटारी, ऑटो आणि हजारो मोटारसायकली जातात. परकोट हा संरक्षित वारसा आहे, तो पाडून रस्ता मोठा करता येणार नाही, आणि करूही नये. मग रस्ता आहे तेवढाच राहणार. वाटणी मात्र आपल्या हातात आहे. तो रस्ता कोणत्या वेळी कोणी वापरायचा, हे ठरवता येते.

हे नुसते स्वप्न नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचा प्रयोग झालेला आहे. पुणे महानगरपालिकेने २०२१ साली ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद केला. लक्ष्मी रस्ता म्हणजे पुण्याची कापडाची आणि सोन्याची पेठ. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी त्याच रस्त्यावर लोक मधोमध चालले, मुले खेळली, म्हातारी माणसे बाकांवर बसली. पुण्याच्याच कॅम्प भागात महात्मा गांधी रस्त्यावर त्याआधी शनिवार-रविवारच्या संध्याकाळी वाहने थांबवून ‘वॉकिंग प्लाझा’ चालवला जात असे. मुंबईत २०२२ च्या मार्चपासून पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते काही तास लोकांना चालण्या-खेळण्यासाठी मोकळे करून दिले. बंगळूरच्या चर्च स्ट्रीट या बाजाराच्या रस्त्यावर २०२० च्या नोव्हेंबरपासून काही महिने शनिवार-रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. तिथे हेतू होता हवा शुद्ध करण्याचा.

हवेचे नाव निघाले की चंद्रपूरकराने कान टवकारले पाहिजेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाप्रमाणे यादी केली, तेव्हा आपले चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले होते. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने यांचा धूर आपण श्वासात घेतोच. एक बाजारपेठ दोन दिवस बंद केल्याने तो धूर थांबणार नाही, हे खरे. पण धुरात उभे राहून आठ-दहा तास भाजी विकणाऱ्या बाईच्या नाकातोंडात निदान गाड्यांचा धूर तरी कमी जाईल.

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या शहरांतल्या हौशी लोकांचे खूळ आहे, गरिबाला त्याचे काय? आम्हाला नेमके उलटे वाटते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी मोटार होती पाचांहूनही कमी घरांत, म्हणजे ४.७ टक्के. स्कूटर किंवा मोटारसायकल २१ टक्के घरांत होती आणि सायकल सुमारे ४५ टक्के घरांत. त्यानंतर गाड्या पुष्कळ वाढल्या, पण आपल्या वस्त्यांतून मोटारी किती घरांत आहेत ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे. एका मोटारीच्या जागेत दहा-बारा माणसे उभी राहतात. म्हणजे थोड्या घरांच्या गाड्यांसाठी सगळ्यांचा रस्ता जातो. आणि जीव कुणाचा जातो? केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. त्यांनी कोणाला धडक दिली नव्हती. त्यांना चालायला जागा नव्हती.

रस्त्यावरून चालणे हा आपल्याला साधा विषय वाटू नये. याच देशात माणसाने कोणत्या रस्त्याने चालावे हे जातीवरून ठरत होते. केरळातल्या वायकोम येथे मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्यांना जाऊ देत नसत. त्यासाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. तो दीड वर्षाहून अधिक चालला, आणि एवढे करूनही चारपैकी तीनच बाजूंचे रस्ते मोकळे झाले. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडच्या रस्त्यांवरून चालत चवदार तळ्यावर गेली. ते चालणेही सार्वजनिक जागेवरचा आपला हक्क सांगणारेच होते. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमात तो हक्क लिहिला गेला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरापासून अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. त्या यादीत रस्ता आहे, हे आपण विसरू नये. आज रस्त्यावर जातीचा पहारेकरी उभा नसेल, पण चाकांच्या गर्दीने म्हातारी माणसे, लेकरे आणि अपंग बाजूला ढकलली जात असतील, तर तो हक्क कागदावरच राहतो.

मात्र एक सावधगिरी हवी, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ साली मोठे नूतनीकरण झाले. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी झाली. लाल दगडांचा छान रस्ता झाला, बसायला जागा झाली. पण त्याच रस्त्यावर फेरीवाल्यांनाही मनाई झाली. गाड्यांबरोबर गरिबाचा धंदाही उठला.

आपल्याकडे असे होता कामा नये. बाजारपेठ सुंदर करायची म्हटले की पहिली नजर जाते ती ठेलेवाल्यावर, सांबार-मिरची विकणाऱ्या बाईवर, चप्पल शिवणाऱ्यावर, सुपे-टोपल्या घेऊन बसलेल्या बुरडावर. मोटार हटवायची म्हणून सुरुवात होते आणि शेवटी हटते ती हातगाडी. गाड्या गेल्यावर रिकामी झालेली जागा कोणाला मिळाली, यावरून त्या योजनेची परीक्षा करावी.

यासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरात नगर पथविक्रेता समिती नेमायची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती-जमातींना, अल्पसंख्याकांना आणि अपंगांनाही त्यात योग्य स्थान द्यायचे असते. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला उठवता येत नाही. ठेला लावणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना हे माहीत हवे. रस्ता बंद करण्याचा विचार निघाला, तर पहिली बैठक या समितीबरोबर झाली पाहिजे.

दुकानदारांनाही भीती वाटते. गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असे ते म्हणतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७२ साली महापौर जेमी लर्नर यांनी भर बाजारातला रस्ता एका शुक्रवार-शनिवार-रविवारात गाड्यांना बंद करून चालण्यासाठी तयार केला. व्यापारी खवळले होते. पण गर्दी वाढलेली पाहून तेच पुढे अजून रस्ता बंद करा म्हणू लागले. काही मोटारवाले घुसायचे म्हणत होते, तेव्हा रस्त्यावर कागद अंथरून लहान मुलांना चित्रे काढायला बसवले. मुलांच्या अंगावर गाडी घालायला कोण धजावणार? ती बाजारपेठ आजही चालणाऱ्यांचीच आहे.

आपल्या शहरात हे करायचे झाले तर आपल्या हवेचा आणि आपल्या माणसांचा विचार करूनच करावे लागेल. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांपर्यंत जातो. भर दुपारी रस्ता मोकळा करून तिथे चालणार कोण? उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ते रात्री ९ ही वेळ बरी. दुकानांचा माल हमालांनी सकाळी लवकर उतरवावा, म्हणजे त्यांची मजुरी बुडणार नाही. ऑटोवाल्यांना गेटाबाहेर ठरलेला थांबा हवा. गाड्या बंद झाल्या की गिऱ्हाईक त्याच थांब्यावर येईल, त्यांचे नुकसान होणार नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांना वाट कायम मोकळी हवी. अपंगांच्या तीनचाकी सायकलीला बंदी नको. पिण्याचे पाणी, सावली, बसायला बाक आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय हवे. बाईमाणूस बाजारात आले की घरी परतेपर्यंत पाणी पिणे टाळते, हे प्रत्येक घरातल्या पुरुषाने एकदा आपल्या घरच्या बाईला विचारून पाहावे.

गडचिरोलीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे अनेक गावांचा आठवडी बाजार रस्त्याच्या कडेलाच भरतो. जंगलातून आलेल्या बाया मोहफुले, चारोळी, रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्या शेजारून जातात ते अवजड ट्रक. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालू झाल्यापासून तिथल्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे शनिवार-रविवारचा हट्ट धरण्यापेक्षा, बाजाराच्या दिवशी बाजाराच्या वेळेत गावातून जड वाहने बंद, एवढी मागणी आधी करावी.

हे सगळे कायद्यात बसते का? बसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ११५ व्या कलमाने लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वाहनांना बंदी घालता येते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करण्याचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली की पुरते. म्हणजे एक महिना, चार रविवार, असा प्रयोग सहज करून पाहता येतो. जमले तर पुढे चालवावे, नाही जमले तर चूक दुरुस्त करावी.

गाड्या दूर थांबवून हजारो माणसांनी शिस्तीने चालणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला आपण दीक्षाभूमीवर जमतो. खांद्यावर लेकरू, हातात शिदोरी, पुस्तकांच्या दुकानांसमोर गर्दी, आणि एकमेकांना वाट करून देणारी माणसे. म्हाताऱ्या आयाबाया तिथे निर्धास्त चालतात. तो निर्धास्तपणा आठवड्यातून एक संध्याकाळ बाजारातही मिळावा, एवढेच मागणे आहे.

म्हणून वाचकहो, आपल्या महिला मंडळात, विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय काढा. ठेला लावणाऱ्या ताईला आणि ऑटो चालवणाऱ्या दादाला सोबत बसवा, त्यांचे म्हणणे आधी ऐका. मग सर्वांच्या सह्यांचा अर्ज महानगरपालिकेला किंवा नगर परिषदेला आणि वाहतूक पोलिसांना द्या. अर्जात चार रविवार मागा, वेळ लिहा, ठेल्यांची जागा लिहा.

आमच्या आईला आम्ही हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘अर्ज करा, मी पहिली सही करते. पण माझा अंगठा नको, मला सही येते.’ साक्षरता वर्गात साठाव्या वर्षी शिकलेली ती सही आमच्या अर्जावर सगळ्यात वर आहे.