शिडाला पोट कुठून येतं?

मुलांनो, घरातली छत्री आणा, उघडा आणि आतून नीट बघा. कापडाचे किती तुकडे जोडलेत? मोजा. बहुतेक आठ भरतील. प्रत्येक तुकडा लांबट त्रिकोणी आणि सपाट. मग सपाट तुकड्यांची छत्री घुमटासारखी गोल कशी झाली?

“काड्यांमुळे!” असं कुणीतरी म्हणेलच. काड्या ताण देतात, हे खरं. पण तुकड्यांच्या कडा अगदी सरळ कापल्या असत्या, तर छत्री भेळेच्या पुडीसारखी टोकदार झाली असती. त्या कडा किंचित बाहेर फुगवून कापलेल्या असतात. दोन फुगीर कडा एकमेकींना शिवल्या की कापड आपोआप वर उचललं जातं. आईच्या ब्लाऊजला शिंपी टक्स घालतो, त्यातही हीच युक्ती. आणि होडीचं शीड शिवतात, तेही याच युक्तीने!

कळंबोलीत राहणाऱ्या दोस्तांना जोडलेलं कापड रोज दिसतं. लोखंडबाजारात ये-जा करणाऱ्या ट्रकांवरची ताडपत्री आठवा. मागावर कापड ठरावीक पन्ह्याचंच निघतं, म्हणून मोठी ताडपत्री पट्टे जोडूनच करावी लागते. पण तिचं काम साधं, माल झाकायचा. कडा सरळ, शिलाई सरळ, कडेने दोरीसाठी भोकं पाडून त्यात कड्या बसवल्या की झालं. शीड असं शिवलं तर मात्र फसगत होते.

का? वारा पाठीमागून असेल तर काहीही चालतं. चादर बांधलीत तरी होडी पुढे जाईल. पण वारा बाजूने आला तर? तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. वारा शिडाच्या फुगवट्यावरून वळतो आणि वळता वळता शिडाला दुसऱ्या बाजूला ढकलतो. होडीचा तळ तिला आडवं सरकू देत नाही, मग ती निसटते पुढे. चिमटीत दाबलेला ओला चिंचोका सटकतो ना, तशीच! फुगवटा बरोबर असेल तर होडी समोरच्या वाऱ्यातसुद्धा तिरकी तिरकी, नागमोडी वळणं घेत पुढे जाते. शीड एके ठिकाणी शंभर सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचं पोट साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल ठेवतात. पोट फार सुटलं तर होडी नुसतीच कलते आणि शीड अगदीच सपाट राहिलं तर ती रेंगाळते.

आपल्या भागाला हे काही नवीन नाही बरं का! कळंबोलीच्या शेजारचं पनवेल हे एके काळचं गजबजलेलं बंदर. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेली माणसं शिडाच्या होड्यांतून पनवेलला उतरत आणि पुढे बोरघाट चढत. शिडांना लागे जाडंभरडं सुती कापड. मुंबईतल्या डोंगरी भागात तसं कापड मिळे आणि त्यालाही डोंगरीच म्हणत. गोऱ्या खलाशांनी ते शिडांना वापरलं, त्याचे कपडेही शिवले. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द त्यातूनच गेला. म्हणजे ती खिसेवाली डंगरी घालून तुम्ही मिरवता, तेव्हा शिडाचं कापडच अंगावर घालता!

पुढे होड्यांना इंजिनं आली आणि शिडं उतरली. आता शिडाचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं, तुकडेही संगणकावर आखून यंत्राने कापतात. आधी मात्र मोठ्या खोलीची जमीन स्वच्छ झाडून तिच्यावर खडूने शिडाचं पूर्ण मापाचं चित्र काढत आणि त्यावर कापडाचे पट्टे अंथरत.

पट्टे कसेही अंथरून चालत नाही हं! हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा, फारसा ताणणार नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. ताणला ना? कापडाचे धागे उभे-आडवे असतात, तिरक्या ओढीला तोंड द्यायला तिथे धागाच नसतो. तिकोनी शिडाची मागची कड मोकळी असते आणि तिच्यावर ओढ मोठी. म्हणून धागे त्या कडेला समांतर येतील असे पट्टे लावतात. नाहीतर नवं शीड थोड्याच दिवसांत जुन्या बनियनसारखं लोंबायला लागतं.

मग जोडणी. गुळगुळीत पॉलिएस्टर सरकू नये म्हणून आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावतात, मग शिलाई. तीही सरळ नव्हे, नागमोडी. वाऱ्यात शीड फडफडलं की सरळ टाका तटकन तुटू शकतो, नागमोडी टाका मात्र स्प्रिंगसारखा थोडा देतो. कोपऱ्यांवर सगळा भार येतो, म्हणून तिथे कापडाचे थरावर थर.

हे थर हाताने शिवायचे तर बोटातलं अंगुस्तान पुरत नाही. शीड शिवणारा तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतो. त्यात धातूची खळगेदार चकती असते. सुईचं बूड तिच्यावर टेकवायचं आणि अख्ख्या तळव्याने रेटायचं. दोऱ्याला मेण चोळलेलं असतं.

भर समुद्रात शीड फाटलं तर हे सगळं स्वतःलाच करावं लागतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाची गंमत ऐका. त्याची ‘सुहेली’ ही सागवानी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली. वर्ष १९६४. तिच्यातून १९६८-६९ मध्ये तो एकटा, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला. असं करणारा तो पहिलाच माणूस. शर्यतीत नऊ जण निघाले होते, पुरी केली ती त्याने एकट्याने! वाटेत एकदा तो शीड शिवत बसला होता. काम संपवून उठायला जातो तर काय, मिशीच शिडाला शिवली गेलेली! सुरीपर्यंत हात पोचेना. जवळ दुसरं माणूस नाही. शेवटी त्याने डोळे मिटले आणि मान मागे हिसडली. मिशीचे केस शिडावर राहिले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

आपले नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या होडीतून असेच एकटे, न थांबता जगाला फेरी मारून आले. दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली. तीही गोव्याचीच. आणि ‘कौंडिण्य’ तर अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यातच बांधलं. त्याला इंजिन नाही, वर चौकोनी शिडं आहेत आणि खालच्या फळ्याही काथ्याने शिवलेल्या! हे जहाज २९ डिसेंबर २०२५ला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

आता तुमची पाळी. कार्डशीटच्या दोन पट्ट्या कापा, ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. एक तशीच ठेवा. दुसरीच्या एका लांब कडेला दोन्ही टोकांशी एकेक सेंटिमीटर खूण करा आणि कडेचा मधला भाग न कापता टोकांकडे हळूहळू वळत जाणारी गोलाई कापा. आता ही वाकडी कड पहिलीच्या सरळ कडेला लावायची. मधूनच चिकटपट्टी लावायला सुरुवात करा आणि टोकांकडे जा. एकावर एक चढवू नका, कडेला कड भिडवा. टोकांशी ओढून आणावी लागेल, आणण्याआधीच हातातला कागद फुगायला लागेल!

सुरकुत्या पडल्या तर गोलाई जास्त झाली असं समजा. चिकटपट्टी सोडवा, नवी पट्टी घ्या, अर्धाच सेंटिमीटर कापून बघा. शीड शिवणारेही उसवतात आणि परत शिवतात. कागदावर जमलं की जुन्या चादरीवर करून बघा, पण ती खरंच जुनी आहे ना, हे आधी आईला विचारा.