घरचा संगणक व आपली माहिती : सावधगिरीचे काही नियम

शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावरून भरला जातो आणि मंजूर झालेली रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. ही सोय मोठी आहे. परंतु आधार क्रमांक, जातीचा दाखला, गुणपत्रके व खात्याचा तपशील एकाच यंत्रात साठू लागला, की ते यंत्र घरातील तिजोरीच ठरते. तिची राखण कशी करावी, हे प्रत्येक विद्यार्थ्याने व पालकाने जाणून घेतले पाहिजे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. संगणकातील फाइली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी तो खंडणी मागत असे. सुमारे १५० देशांतील संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विशेष म्हणजे, ज्या उणिवेतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. म्हणून अपडेटची सूचना दिसताच ती पाळावी. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून वेगळा ठेवावा.

दुसरा नियम पासवर्डचा. सर्वत्र एकच पासवर्ड वापरल्यास एका ठिकाणी तो फुटताच बाकीची दारेही उघडतात. पासवर्ड लांब असावा. नाव वा जन्मतारीख त्यात नसावी. ई-मेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी अवश्य लावावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बहुधा त्याच खात्यातून बदलता येतात.

सायबर कॅफेत अर्ज भरल्यावर लॉग-आऊट करावे व डाउनलोड केलेली कागदपत्रे तेथील संगणकातून पुसून टाकावीत. जेथे चालत असेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे.

तथापि, पुष्कळदा चोर कुलूप फोडीत नाही. तो आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो. “शिष्यवृत्ती जमा करायची आहे, ओटीपी सांगा,” असा फोन आला तर तो तत्काळ बंद करावा. बँक ओटीपी कधीच विचारत नाही, आणि यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावाच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. वेळीच कळविल्यास रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता असते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक जाणणारी पहिली पिढी आपलीच आहे. आई-वडिलांच्या मोबाइलवरही तोच ओटीपी येतो. तेव्हा येत्या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांच्याजवळ निवांत बसून एवढे नियम त्यांना समजावून सांगावेत.