पानांवरचा हक्क

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सालेकसा तालुक्यात, जेथे मुंबई-हावडा लोहमार्ग डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून छत्तीसगडच्या हद्दीकडे जातो आणि हाजरा धबधबा व कचारगडच्या गुहा यांच्या आसपास दाट वनश्री पसरलेली आहे, त्या दरेकसा गावी परसात पाखरे यावीत म्हणून दूरच्या रोपवाटिकेतून काही मागविण्याचे वस्तुतः प्रयोजनच नाही. पळस, मोह, बहावा, उंबर, बेल, रुई ही त्यांच्या परिचयाची वनस्पतिसृष्टी कुंपणापलीकडेच उभी आहे.

बाग म्हटली की आपले चित्त फुलांकडे धावते, आणि मध प्राशन करावयास फुलपाखरे फुलांवर येतात हेही खरेच. परंतु अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे मादी शोध घेते तो पानांचा, आणि त्या कामी तिची निवड इतकी काटेकोर असते की ठरावीक कुळातील झाडावाचून ती सहसा अंडे ठेवीत नाही. बहावा आणि पावसाळ्यात आपोआप माजणारा तरोटा पिवळ्या-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांना चालतो. लिंबू, गोडलिंब, बेल यांवर काळी, मोठ्या पंखांची फुलपाखरे वाढतात, आणि 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून मान्यता पावलेला नीलवंत याच लिंबाच्या कुळावर पोसला जातो. लिंबाच्या कोवळ्या पानावरील लहान अळी प्रथमदर्शनी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे ती हिरवीगार होते, आणि तिला काडीने हलकेच डिवचले असता मानेमागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून ती उग्र दर्प सोडते. रुईवरील अळीची तऱ्हा निराळी: चिकातील विष ती अंगी साठविते, तिचे तांबूस फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागते, आणि दुसऱ्याच एका जातीची मादी हुबेहूब तोच वेश धारण करून निर्धास्त हिंडते.

अळ्यांनी पाने खाल्ली म्हणून हळहळणाऱ्यांनी पक्ष्यांचाही विचार करावा. फाल्गुनात पळसाचा मध चोखणारा शिंजीर आपल्या पिलांना मात्र किडे आणि कोळी भरवितो. शिंपी पक्षी पाने शिवून घरटे करतो आणि त्याचाही निर्वाह मुख्यतः कीटकांवरच चालतो. उंबर पिकला की हरियाल हा आपला राज्यपक्षी थव्याने उतरतो. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या घाणेरीवरही फुलपाखरे मधासाठी जमतात, हे कबूल. तथापि ती रानात शिरून देशी झुडपांचा मुलूख बळकावते, म्हणून तिला परसात थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या मृगात एक उंबर आणि एक बहावा लावा, कुंपणाची रुई तोडू नका, तरोट्याची कोवळी भाजी खुडल्यावर उरलेला तरोटा तसाच राहू द्या, आणि लिंबाची पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारण्याची घाई करू नका.