नाडीच्या ठोक्याने उडणारा गुरू

गॅलिलिओने गुरूचे चंद्र शोधले, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. जानेवारी १६१० मधली ही गोष्ट. त्याच महिन्यात लिहिलेल्या एका पत्रात त्याने एक सूचनाही केली होती. दुर्बीण नुसती हातात धरू नका, कशावर तरी घट्ट बसवा, कारण श्वासाने आणि नाडीच्या ठोक्यांनी हात हलतो. त्याची दुर्बीण साधारण २० पटींची होती. म्हणजे इकडे मनगटात ठोका पडला, की तिकडे गुरू टुणकन उडणार!

आता तुमच्याआमच्या दुर्बिणीचं बघू. समजा, तिचं पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं आहे आणि नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्यात १० मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावली, की ७०० भागिले १०, झाल्या ७० पटी. गुरू ७० पट मोठा दिसतो, पण हलणंही ७० पट मोठं दिसतं, हे दुकानदार सांगत नाही. ७०० मिलिमीटर लांबीच्या नळीचं एक टोक फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर आकाशात नेम जवळजवळ सहा-सात गुरू शेजारी शेजारी मावतील एवढा चुकतो. आणि १ मिलिमीटर म्हणजे काय, तर तुमच्या धाकट्या भावाने "मला बघू दे ना" म्हणत लावलेला हलकासा धक्का.

म्हणून दुर्बीण घेताना मी आधी तिचे पाय, म्हणजे ट्रायपॉड, बघतो. खरंच! भिंग बरं असून पाय डुगडुगणारे असतील, तर ती दुर्बीण लवकरच माळ्यावर जाते.

दुकानात करायची परीक्षा अगदी सोपी आहे. दूरची एखादी पाण्याची टाकी किंवा दुकानाची पाटी दुर्बिणीत धरा. नळीला हळूच टिचकी मारा आणि मनात सेकंद मोजा. चित्र एक-दोन सेकंदांत शांत झालं, तर छान. पाच सेकंद झाले तरी टाकी थरथरतेच आहे? मग पुढचं दुकान. ट्रायपॉडच्या खोक्यावर लिहिलेल्या किलोंवरही फार विसंबू नका. '५ किलो पेलतो' याचा अर्थ ५ किलोंनी मोडत नाही, एवढाच. न हलता पेलायचं असेल, तर त्याच्या निम्मं वजन धरून चाला.

"मग सगळ्यात जाडजूड, जड ट्रायपॉड घेऊ!" घ्या की. पण तो पाठीवर घेऊन लोकलच्या गर्दीत चढायचं आणि मुंबईजवळच्या वांगणीच्या अंधारात तारे बघायला जायचं, तर तुमची वरात निघेल. ट्रायपॉड हलकाही हवा आणि ताठही. जमेल का हे? एक कागद घ्या. एका कडेला धरा, तो लगेच मान टाकेल. आता त्याचीच सुरळी करून चिकटवा आणि उभी ठेवा. तिच्यावर वहीसुद्धा राहते! वजन तेवढंच आहे, कागदही तोच. फक्त तो मधल्या रेषेपासून लांब, गोल पसरला. बांबू आतून पोकळ असतो, तोही असाच ताठ राहतो. म्हणून ट्रायपॉडचे पाय पोकळ आणि रुंद नळ्यांचे बघा. काड्यांसारखे बारीक पाय नकोत. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं. कार्बन फायबर आणखी हलकं आणि ताठ, पण किंमत ऐकून बाबा गप्प होतात. लाकूड जरा जड, पण थरथर पटकन जिरवतं. मला लाकूड आवडतं.

पाय एकात एक सरकणारे असतात, आणि शेवटचा तुकडा सर्वांत बारीक. तो बाहेर काढायची घाई करू नका. एक टोक घट्ट धरलेली पट्टी निम्म्या लांबीची केली, तर तेवढ्याच जोराने ती आठपट कमी वाकते. मधला दांडाही शक्यतो खालीच ठेवा, तो वर चढवला की तीन पायांची सगळी मेहनत एका पायावर येते. उभं राहून बघण्याचा हट्ट सोडा, सतरंजी अंथरा, बसून बघा.

आता माझी आवडती युक्ती. वजन घरून न्यायचंच नाही, तिथेच गोळा करायचं! रिकामी कापडी पिशवी न्या. माळावर दगड भरा आणि मधल्या हुकाला टांगा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्यावर तीच झोके घेईल. आणि शक्य असेल तर गच्चीऐवजी मातीवर उभे राहा. गच्चीवर कुणी चाललं, तरी स्लॅबचा धक्का दुर्बिणीत दिसतो.

पायांवर डोकंही लागतं. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला पाव इंचाचा स्क्रू असतो आणि पुष्कळ छोट्या दुर्बिणी त्यावर बसतात. पण गोळ्यावर फिरणारं डोकं टाळा. ते सैल केलं, की नळी कुठेही कलंडते. वर-खाली आणि डावी-उजवीकडे वेगवेगळं फिरणारं साधं डोकं, म्हणजे माउंट, बरं, त्याला बारीक सरकवायच्या घुंड्या असतील तर उत्तमच. कारण पृथ्वी थांबत नाही! चंद्र दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ७० पटींत गुरू साधारण तीनच मिनिटांत एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो, पुण्यात जमिनीपासून सुमारे साडेअठरा अंशांवर. मग एकच घुंडी फिरवून ग्रहाचा पाठलाग करता येतो. पण त्याला समतोलासाठी लोखंडी वजनं लागतात. प्रवासात ती वागवणं मला तरी मंजूर नाही.

पाय नकोतच म्हणणारा एक माणूसही होऊन गेला, जॉन डॉब्सन. सॅन फ्रान्सिस्कोत तो रामकृष्ण संघाचा संन्यासी होता. जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून तो आरसे बनवी, दुर्बीण प्लायवूडच्या खोक्यात बसवी आणि फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवी. त्या खोक्याची छोटी, टेबलावर ठेवायची आवृत्ती आता मिळते. ती हलकी आहे, स्वस्त आहे, फारशी थरथरतही नाही. फक्त माळावर टेबल कोण उचलून आणणार, ते आधी ठरवून घ्या.