डाग कुठल्या मजल्यावर?

मागच्या आठवड्यात कबूल केलं होतं की आज ओएलईडी पडद्यावरच्या सावल्यांबद्दल लिहीन. व्हॉट्सअॅप बंद केलं तरी कीबोर्डचा पुसट ठसा पडद्यावर का रेंगाळतो, वगैरे. ते आज नाही. सोनकच्छहून आलेल्या एका पत्रानं मध्येच गाडी अडवली. खरं सांगायचं तर मला अडवून घ्यायचंच होतं, कारण पांढऱ्या ठिपक्यांवर लिहायची संधी मी केव्हाची शोधतोय.

सोनकच्छ म्हणजे इंदूर-भोपाळ रस्त्यावर, देवासच्या पुढे, कालीसिंधच्या काठचं गाव. बहुतेकांना ते बसच्या खिडकीतूनच माहीत. गंधर्वपुरीच्या जुन्या मूर्ती पाहायला जाणारे तेवढे तिथं वळतात. पत्र लिहिणारे गृहस्थ तिथे धान्याचा व्यापार करतात. घरी मराठी, दुकानात माळवी. लिहितात : ‘स्क्रीनवर तीन गोल पांढरे ठिपके आलेत. आधी एकच होता. मोबाइलवाला म्हणतो, फोल्डर (म्हणजे टचसकट अख्खा पडदा) बदलावा लागेल. घरून सांगतात, तांदळात ठेवा. मुलगा म्हणतो, टूथपेस्ट घासा. तुम्ही काय म्हणता?’

मी म्हणतो, तिघांपैकी एकानंही अजून फोन पालथा करून पाहिलेला नाही. पण ते क्रमानं.

पहिली कसोटी फुकटची. ठिपका दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्याच्या फोनवर पाठवा. तिथंही ठिपका दिसला तर तुमचा पडदा निर्दोष आहे. एखाद्या अॅपनं तरंगतं बटण सोडून ठेवलेलं असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. नाही दिसला, तर दोष खऱ्याखुऱ्या वस्तूत आहे. हे स्वतःच्याच फोनवर तपासणारे महाभाग असतात. त्यांना ठिपका दिसणारच, चित्र कुठलंही असो. यानंतर टेम्पर्ड ग्लास काढा. ‘चांगली आहे की, कशाला काढायची?’ म्हणून लोक हात आखडतात, पण दुकानदाराला फोल्डरचे पैसे मोजल्यावर डाग ग्लासखालच्या गोंदातच होता असं कळणं जास्त महाग पडतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की तपासणीचा तक्ता उघडतो आणि सबंध पडदा लाल, हिरवा किंवा निळा करून बघता येतो. इतर फोनांत कोऱ्या रंगांची चित्रं गॅलरीत ठेवली तरी काम भागतं.

मग रात्री दिवे मालवून पूर्ण काळं चित्र उघडा आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत न्या. काळ्याच्या जागी राखी उजेड दिसला तर पडदा एलसीडी. चौकट कुठं संपते तेच कळेनासं झालं तर ओएलईडी. हे ठरल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे, कारण दोघांना होणारे आजार वेगळे. आमच्या सोनकच्छकरांचा एलसीडी निघाला.

एलसीडी म्हणजे पाच-सहा मजली वाडा, आणि दिवा तेवढा तळमजल्यावर. पडद्याच्या एका कडेला बारीक एलईडींची ओळ असते. त्यांचा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या एका पातळ पत्र्यात आडवा शिरतो आणि आतल्या आत आपटत सगळीकडे पोचतो. पत्र्याच्या मागं परावर्तक कागद. पुढं उजेड पसरवणारा दुधी कागद आणि त्यावर सूक्ष्म पन्हळीचे दोन पापुद्रे, एकाची पन्हळ उभी, दुसऱ्याची आडवी. हे सगळं एकमेकांवर नुसतं ठेवलेलं असतं, कडेनं चिकटपट्टी तेवढी. त्याच्या वर खरा पडदा सुरू होतो : पोलरायझर, ट्रान्झिस्टरांची काच, ३-४ मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकांचा थर, रंगीत गाळणी लावलेली दुसरी काच, पुन्हा पोलरायझर. सगळ्यात वर टच आणि जाड काच.

आता पांढरा ठिपका कुठं राहतो? तळमजल्यावर. पापुद्र्यांमध्ये केसाहून बारीक हवेची फट असते, आणि उजेड सारखा पसरावा म्हणून ती लागतेच. मागून कशानं तरी दाब आला की त्या जागी पापुद्रे एकमेकांना चिकटतात किंवा दुमडतात, आणि तिथून वाजवीपेक्षा जास्त उजेड निसटतो. म्हणून हा ठिपका गोलसर, कडा धूसर, पांढऱ्या पानावर ठळक. फोन तिरका केला की त्याचं तेज कमीजास्त होतं. त्याच्यावरची अक्षरं मात्र नीट वाचता येतात, कारण वरच्या मजल्यावरच्या पिक्सेलांना काहीच झालेलं नसतं. टूथपेस्ट घासायची ती सगळ्यात वरच्या काचेवर. ठिपका राहतो खाली आणि वर बोटाचे डाग धरू न देणारा लेप तेवढा निघून जातो.

तांदळाचाही उपयोग नाही. पापुद्र्यांत पाणी गेलं असेल तर डाग वेगळा दिसतो, नकाशासारखी कडा असलेला, आणि वाळल्यावरही त्याची किनार उरते. तांदूळ तेवढे पिष्टाची पूड चार्जिंगच्या भोकात सोडतात.

दाब आला कुठून? मागच्या खिशात फोन ठेवून मोटारसायकलवर बसणं हे एक कारण. पडद्याच्या मागं बाहेर आलेला एखादा स्क्रू, किंवा मागच्या दुरुस्तीत नीट न बसवलेली पट्टी, हे दुसरं. पण ठिपके पडद्याच्या मधल्या भागात असतील आणि एकाचे तीन झाले असतील, तर माझा पहिला संशय बॅटरीवर. म्हणून त्यांना विचारलं, फोन टेबलावर उताणा ठेवून कोपऱ्यावर बोटानं दाबला तर डुगडुगतो का? दुसरं म्हणजे, फोन आडवा डोळ्यांसमोर धरला तर कडेला पडदा आणि चौकट यांच्यात फट दिसते का? दोन्हीचं उत्तर हो आलं. वर असंही कळलं की रात्री फोन उशीखाली चार्जिंगला असतो आणि दिवसभर उन्हातल्या गल्ल्यावर.

लिथियमची बॅटरी म्हातारी झाली, तापत राहिली, की आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकीट हवाबंद असल्यामुळे ते फुगतं. मागचं झाकण मजबूत असेल तर फुगवटा पुढं सरकतो आणि पडद्याच्या तळमजल्यावर टेकतो. म्हणजे मोबाइलवाल्याच्या सांगण्यावरून फोल्डर बदलला असता तर नव्या फोल्डरवरही काही महिन्यांत तेच ठिपके उमटले असते, आणि मधल्या काळात फुगलेली बॅटरी उशीखाली. हे दुसरं मला जास्त भीतिदायक वाटतं. अशा फोनचं चार्जिंग त्याच दिवशी बंद करायचं. पडदा दाबून फट मिटवायची नाही. बॅटरी टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा त्या कंपनीच्या सेवा केंद्रात नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यायच्या.

बॅटरी बदलल्यावर त्यांचे दोन ठिपके विरले, एक राहिला. दुमडलेला पापुद्रा सरळ होत नाही. कुशल कारागीर नुसती बॅकलाइट बदलू शकतो, पण त्या कामाला लागणारा वेळ आणि पापुद्र्यांत धूळ शिरण्याचा धोका पाहता कुणी हात घालत नाही. अख्खा फोल्डर बदलणं सगळ्यांना सोपं पडतं. माझा सल्ला, एक ठिपका राहू द्या.

जाता जाता हीट गनबद्दल सांगतो, कारण ते पाहायला मला अजूनही आवडतं. जुना एलसीडी सुटा करताना चालू पडद्यावर एका जागी गरम हवा सोडली की तिथं काळा ढग उठतो आणि फुगत जातो. नवा पोरगा घाबरून हात मागं घेतो. मिनिटभरात ढग कडेकडून आक्रसतो आणि चित्र होतं तसं परत येतं. घडतं असं, की द्रवस्फटिकाचे रेणू एका दिशेनं रांगेत असतात म्हणून ते प्रकाशाला वळवू शकतात. ठरावीक तापमानाच्या वर रांग मोडते आणि तो साधा द्रव होतो. नेमकं हेच १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं होतं. गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तो तापवत होता. ते १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ झालं आणि १७८ अंशांच्या पुढं एकदम नितळ. दोनदा वितळणारा पदार्थ! त्या गढूळ अवस्थेवर आज सगळे एलसीडी चालतात.

पुढं जवळजवळ नव्वद वर्षं समजूत अशी होती की द्रवस्फटिक व्हायला रेणू काडीसारखा लांबट हवा. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे, आणि त्यांचं एम.एस्सी. नागपूर विद्यापीठाचं. त्या चकत्यांचा पापुद्रा पुढं संगणकाच्या एलसीडी पडद्यांवर बसला, बाजूनं पाहिलं तरी रंग उलटेपालटे दिसू नयेत म्हणून. नागपूरकरांनी हे मिरवायला हरकत नाही. मला तरी तिथं कुणी मिरवताना भेटलेलं नाही.

आता उरलेले डाग. सुईच्या टोकाएवढा, कायम लाल, हिरवा किंवा निळा ठिपका म्हणजे अडकलेला उपपिक्सेल. पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा, तो भिंगाचं काम करतो आणि तिन्ही रंगांच्या पट्ट्या दिसतात. ७२० गुणिले १६०० च्या एलसीडीत अशा ३४ लाख ५६ हजार पट्ट्या असतात, तेव्हा एखादी हट्टाला पेटली तर नवल नाही. रंग भराभर बदलणारे व्हिडिओ लावून ती कधीकधी सुटते. कायम काळी असेल तर मात्र काही करू नका, काही होत नाही. नव्या पडद्यावर पिवळट छटा दिसली तर थोडे दिवस थांबा. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा पिवळ्या डागांच्या तक्रारींचा गदारोळ झाला आणि बऱ्याच जणांचे डाग आपोआप फिके पडले.

काळा किंवा जांभळट, शाई सांडल्यागत पसरणारा डाग मात्र गंभीरपणे घ्यायचा. एलसीडीत तो काच फुटून द्रव सरकल्याचा. ओएलईडीत त्याहून वाईट, कारण हवा आणि ओलावा हे तिथल्या सेंद्रिय थरांचे वैरी. त्यांच्यावरचं कवच इतकं कडेकोट लागतं की एका चौरस मीटरमधून दिवसभरात ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त बाष्प शिरता कामा नये. त्या कवचाला तडा गेला की डाग रोज वाढतो, वरची काच शाबूत असली तरी. इथं फोल्डरला पर्याय नाही. पण दुकानात जायच्या आधी, टच चालतोय तोवर फोटो, नंबर आणि व्हॉट्सअॅप यांचा बॅकअप घ्या, आणि बँकेच्या अॅपशी जोडलेला नंबर दुसऱ्या फोनवर चालू होतो का ते पाहा. डाग पॅटर्न लॉकच्या जागेवर पोचला की फोन आतून धडधाकट असूनही उघडत नाही.