बांध आणि सातबारा

शेजाऱ्याने बांध कोरला अशी तक्रार घेऊन आलेला मनुष्य खिशातून सर्वप्रथम काढतो तो सातबाराचा उतारा; आणि ‘क्षेत्र माझ्या नावावर असताना वाद उरतोच कुठे?’ हा त्याचा निःशंक सवाल इतक्या वेळा कानी पडला आहे की उत्तर देताना सौजन्य राखणे आताशा कठीण जाते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात व बारा यांची जोडी. पहिल्यात भोगवटादार, क्षेत्र, आकारणी आणि इतर हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. त्यात नकाशा नाही, बांधाची लांबी नाही, हद्दीचा दगड कोठे रोवला आहे याचा उल्लेख नाही. मग ज्या गोष्टीविषयी तो चकार शब्द काढीत नाही, तिचा पुरावा तो कसा व्हावा? ३३० फूट लांबीचा बांध तीन फुटांनी सरकला, तर ९९० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, गिळंकृत होतो, आणि तरीही उभयतांच्या उताऱ्यांवरील आकडे जसेच्या तसे राहतात! शेजाऱ्यापाशीही तितकाच अस्सल सातबारा असतो, हे तक्रारदाराच्या ध्यानीच येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते हे मान्य. परंतु फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. हद्दीचे दप्तर निराळे: टिपण, फाळणी, गटाचा नकाशा. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, की लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते आणि भूकरमापक या दप्तराच्या आधारे खुणा दाखवतो. तंटा तेवढ्याने मिटला नाही, तर कलम १३६ प्रमाणे निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा. आणि त्यानेही प्रथम पाहावयाचे ते भूमि अभिलेखच, ते असमाधानकारक असल्यासच इतर पुरावा.

मोजणीदार ताबाही मिळवून देतो, ही समजूत व्यर्थ आहे. खुणा दाखवून तो परत जातो, निष्कासनाचा अधिकार त्याला नाही. ‘बारा वर्षे कसली की जमीन आपली’ हेही अर्धसत्यच, कारण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याखाली तो कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध, उघड आणि अखंड असावा लागतो. परवानगीने कसलेली जमीन त्यात बसत नाही. राहता राहिल्या खरेदीखतातील चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, एवढेच त्यांत लिहिलेले असते. अमक्याचे शेत नेमके कोठे संपते, यावरच तर दोघे भांडत असतात.