क्ष-किरण ते कॅनव्हास : चित्रकार डॉ. सुधीर पटवर्धन

चित्रकला हा विषय आपल्या घरांतून साधारणपणे दहावीपर्यंतच टिकतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा मुले हौसेने देतात, इंटरमीजिएटची श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण पदरात पडतात आणि त्यानंतर रंगपेटी माळ्यावर जाते. यात आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या घरातील पहिलीच पिढी महिन्याच्या पगाराला लागली, त्या घराने ‘चित्रे काढून पोट भरेल काय?’ असे विचारणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु हा प्रश्न विचारला की संवाद तेथेच संपतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना अशा एका चित्रकाराची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्याने हा प्रश्न टाळला नाही. त्याने पोटासाठी एक व्यवसाय केला आणि तीस वर्षे तो करीत असतानाच चित्रे काढली.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि १९७३ मध्ये ते मुंबईस आले. कोणत्याही कलामहाविद्यालयाची पदविका त्यांच्याजवळ नाही. चित्रकला ते स्वतःच शिकले, मोठ्या चित्रकारांची चित्रे पाहून, पुस्तके वाचून आणि सतत रेखाटने करून. १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. ठाणे म्हणजे आपल्या ऐरोलीच्या पलीकडचे गाव. आपल्यातील कित्येक जण रोज तेथे जातात-येतात.

क्ष-किरणतज्ज्ञाचे काम काय असते, याचा जरा विचार करा. समोर येणारा माणूस श्रीमंत असो वा गरीब, यंत्रासमोर तो सारखाच उघडा उभा राहतो. कोणाची बरगडी मोडलेली, कोणाच्या फुप्फुसावर डाग, कोणाचा ओझी वाहून झिजलेला मणका. डॉक्टर त्या काळ्या फिल्मवर नजर रोखून शरीराच्या आतले वाचतो. दिवसभर हे काम करणाऱ्या माणसाच्या चित्रांत मानवी शरीर इतके वजनदार, इतके हाडामांसाचे का दिसते, याचे निदान अर्धे उत्तर तरी येथे मिळते, असे मला वाटते. त्यांच्या चित्रांतील माणसे सुंदर नाहीत. ती जाडजूड आहेत, थकलेली आहेत, खांदे पडलेली आहेत. पण ती केविलवाणी नाहीत. कोणी दया करावी म्हणून ती उभी नाहीत.

१९७७ सालचे ‘इराणी रेस्टॉरंट’, १९८० चे ‘ट्रेन’, १९८१ चे ‘ओव्हरब्रिज’ ही नावे पाहिली तरी विषय कोठून आले ते कळते. राजवाडे नाहीत, देवदेवता नाहीत, निसर्गदृश्ये नाहीत. ज्या जिन्यावरून आपण रोज धक्के खात उतरतो, तोच जिना. ज्या डब्यात लोंबकळतो, तोच डबा. आपल्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट चित्रात येण्याइतकी मोलाची असू शकते, हे अनेकांना पटत नाही. चित्र म्हणजे काहीतरी उदात्त हवे, अशी आपली समजूत असते.

१९७९ मध्ये नवी दिल्लीच्या आर्ट हेरिटेज या कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्यानंतर १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे महत्त्वाचे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत भरले. त्यात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार होते. त्या काळी अमूर्त चित्रांना, म्हणजे केवळ रंग व आकार यांच्या रचनेला, मोठी प्रतिष्ठा होती. माणसाला आणि त्याच्या भोवतालच्या जगाला चित्रात पुन्हा जागा द्यावी, असे या सहा जणांचे म्हणणे प्रदर्शनाच्या नावातूनच स्पष्ट होते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यातील बहुसंख्य कामावर परतलेच नाहीत. ज्या कामगाराकडे पाहून पटवर्धनांनी चित्रे काढली होती, तो कामगारच हळूहळू शहरातून पुसला जाऊ लागला. चित्रकाराचीही मग वाट बदलली. १९८४ च्या ‘टाऊन’ या चित्रात एकेका माणसाऐवजी सबंध वस्ती आली. २००१ मधील ‘लोअर परेल’मध्ये गिरणगावाचे बदलते रूप आहे. त्याच वर्षीच्या ‘उल्हासनगर’मध्ये दाटीवाटीने उभे राहिलेले उपनगर दिसते. १९९२-९३ च्या दंगलींनी शहराला जो तडा गेला, तोही त्यांच्या कामात उतरला. १९९६ च्या एका चित्राचे नावच ‘रायट’ आहे.

ही शहरदृश्ये कशी पाहावीत याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रथमदर्शनी ती गोंधळात टाकतात. छायाचित्र एका जागेवर उभे राहून एका क्षणी काढलेले असते. पटवर्धनांच्या मोठ्या चित्रांत तसे नसते. एक रस्ता वरून पाहिल्यासारखा दिसतो, शेजारची इमारत समोरून, तर पुढचा माणूस अगदी हाताच्या अंतरावर. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली दृश्ये त्यांनी एकाच कॅनव्हासवर जुळवलेली असतात. त्यामुळे आपली नजर चित्रात फिरू लागते. आपण जसे स्टेशनवरून घरी चालत येतो, वळतो, मागे पाहतो, तसे. म्हणून या चित्रासमोर अर्धा मिनिट थांबून पुढे जाण्यात काही हशील नाही. दहा मिनिटे थांबावे लागते. (आमच्या बँकेच्या काउंटरवर उभे राहण्याची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये.)

आता दुसऱ्या कामाकडे येऊ. चित्रकाराखेरीज पटवर्धन हे क्यूरेटरही आहेत. हा शब्द हल्ली कानांवर पडतो, पण त्याचा अर्थ बहुतेकांस ठाऊक नसतो. पूर्वी वस्तुसंग्रहालयातील वस्तू सांभाळणाऱ्या अभिरक्षकास क्यूरेटर म्हणत. आज प्रदर्शनाची कल्पना ठरविणारा, त्यासाठी चित्रकार व चित्रे निवडणारा, ती मालकांकडून मागून आणणारा, कोणत्या चित्राशेजारी कोणते टांगावे ते ठरविणारा आणि प्रेक्षकांसाठी समजेल असे टिपण लिहिणारा तो क्यूरेटर. आपल्या स्मरणिकेच्या संपादकाचे काम आठवावे. लेख दुसऱ्यांचे असतात, पण कोणता घ्यावा आणि कोणता आधी छापावा यावर सबंध अंकाचा अर्थ अवलंबून असतो.

२००८-०९ मध्ये पटवर्धनांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाचे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन आखले आणि ते महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांतून नेले. ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही एका चित्राइतकीच मोलाची वाटते. जिल्ह्याच्या गावी चित्रकलेचे विद्यार्थी असतात, शिक्षक असतात, कलामहाविद्यालयेही असतात. नसतात ती मूळ चित्रे. तेथील मुलगा नामवंतांचे काम छापील पुस्तकात, तळहाताएवढ्या आकारात पाहून शिकतो. रंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा, चित्राची खरी उंची त्याला ठाऊकच नसते. मूळ चित्र त्याच्या गावात येणे, तेही मराठी नाव घेऊन, याचा अर्थ ज्याने ते अनुभवले नाही त्याला कळणार नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. श्रमिकाचे चित्र काढणारा स्वतः डॉक्टर, चित्र टांगले जाते धनिकाच्या दिवाणखान्यात; मग श्रमिकाला त्यातून काय मिळाले? आपल्या समाजाने तर दुसऱ्यांनी रंगविलेली आपली चित्रे पुष्कळ सोसली आहेत. हा प्रश्न पटवर्धनांनी स्वतःलाही विचारलेला आहे. ज्याचे चित्र काढले, त्याला त्यात स्वतःची ओळख पटेल का, हा त्यांच्या विचाराचा जुना विषय आहे. माझ्या मते त्यांची चित्रे या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात, कारण ती माणसाला दुःखाचे प्रदर्शन करीत नाहीत. पण आक्षेप तेवढ्याने पुरता मिटत नाही. ज्यांची चित्रे काढली गेली, त्यांनी स्वतः कुंचला हाती घेणे, हे त्याचे दुसरे उत्तर.

ते काम सुरू झालेले आहे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू लावलेला माणूस चित्रात आणला. देवदासीही आणली. ती चित्रे पाहणाऱ्याला सुखाने उभे राहू देत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातून येऊन मुंबईत काम करणारे प्रभाकर कांबळे हेही चित्रकार आणि क्यूरेटर अशा दोन्ही भूमिका करतात. २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची ‘उतरंड’ मांडली गेली. एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड आपल्या घरांतून सर्वांनी पाहिलेली आहे. जातिव्यवस्थेविषयी तिच्याकडून जे बोलून घेता येते, ते आपल्या वाचकांस वेगळे सांगायला नको. आणि ज्यांना कला हा आपला प्रांत वाटत नाही, त्यांनी आठवावे की बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या व्यापात, चित्रकलेचे धडे घेतले होते.

पटवर्धनांनी २००५ साली वैद्यकीय व्यवसाय थांबविला आणि पूर्ण वेळ चित्रांना दिला. त्यानंतर २०१४ चे ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ हे सात भागांचे भव्य चित्र झाले. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे त्यांच्या आजवरच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या क्यूरेटर नॅन्सी अदजानिया होत्या.

विद्यार्थी मित्रांनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी वाशीहून हार्बरची गाडी धरावी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जावे. जहांगीर कलादालनात प्रवेशास पैसे पडत नाहीत आणि आत गेल्यावर कोणी काही विचारीत नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तेथून रस्ता ओलांडला की लागते. तेथे तिकीट आहे, आणि सोमवारी ते बंद असते.